बेकरीवाल्याचं नाक

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात शिंपी एका कानात कापूस घालून नंबरची वाट बघत बसला होता. दुसरा, चांगला कान त्यानं शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लावला.

"अहो, डॉक्टरांना नीट सांगा. भट्टीत पाव जळला तरी कळत नव्हतं म्हणून."

"बेकरीवाल्याचं नाक गेलं, हे काय मिरवायचंय?"

"गेलं नाही हो. नाकातल्या पेशींवर प्रथिनांची कुलपं असतात, वेगवेगळ्या वासांनी उघडणारी. सर्दीत त्या पेशी मेल्या, आता नव्या येतायत. त्यांनीच नाही का सांगितलं?"

"म्हणून तर तीन महिने रोज लिंबू नि लवंग हुंगतोय. मेंदूला पुन्हा ओळख पटायला हवी म्हणे."

"आणि तीन महिने माझ्या स्वयंपाकाला नुसतं 'छान, छान'! मेलं रडू यायचं मला."

"काल म्हणालो की, भाजी करपली म्हणून."

"म्हणालात ना! चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते ऐकून बरं वाटलं."

"मग आज सकाळी परत कशी करपली?"

"करपली नाही, करपवली. खात्री नको करून घ्यायला?"