विचारायची नोकरी

"सून गुणाची हाय वो, पण घरात मुकी. तिकडं चोरांपुढं मातर घडाघडा बोलती म्हनं…" हे आमच्या सासूबाई, साळुबाई, शेजारच्या बायडाकाकूंना सांगत होत्या. त्या दोघी परसात वाल सोलत बसलेल्या, मी मोरीत भांडी घासतेय, मध्ये एक पत्रा. पत्र्यापलीकडचं ऐकू जात नाही असं सासरच्या माणसांना का वाटतं कुणास ठाऊक. आणि तुम्हाला सांगते, अगदीच खोटं नव्हतं हो ते, फक्त अर्धं होतं. मी घडाघडा बोलत नाही, मी विचारते. पगार विचारायचाच मिळतो. आता मला कोण विचारतंय, तो भाग निराळा.

त्याचं असं आहे, पुण्याची एक संस्था अभ्यास करतेय की पोलीस ठाण्यात आणलेल्या माणसांमध्ये नशा किती, कसली, कधीपासून, आणि पोलिसांत सुधारणा सुधारणा म्हणतात ती कुठवर आली तेही जाता जाता बघायचं. ठाणं कुठलं ते नाही सांगणार, नाव न सांगणं हीच तर माझी नोकरी. हवालदाराला आपण दिसू पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर खुर्ची टाकायची, ज्याची मर्जी असेल त्यालाच विचारायचं, गांजा ओढता का, गोळ्या घेता का, कधीमधी की रोज, आणि पलीकडून काहीही उत्तर येवो, आपला चेहरा हलू द्यायचा नाही. प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या, "स्नेहल, असा चेहरा मी आजवर पाहिला नाही." आण्याला, माझ्या माहेरी, याच चेहऱ्याला तुसडा म्हणायचे… जाऊ दे, मला कोण विचारतंय.

सुधारणा म्हणाल तर आहे बरं का. कॅमेरे आलेत, थंड पाण्याचं यंत्र आलंय, आणि सावळेराम हवालदार गोड बोलायच्या शिबिराला जाऊन आलेत. पूर्वी म्हणे त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा, आता कोठडीचं दार उघडतात आणि म्हणतात, "यावं, आपण आत बसून घ्यावं." त्यानं माणसं जास्तच हबकतात. एकजण मला हळूच म्हणाला, "ताई, यानं शिव्या घातल्या आस्त्या तर जिवाला बरं वाटलं आस्तं. आवो-जावो करतोय म्हंजी माझं काय खरं न्हाई." मी हसले नाही. चेहरा.

पण बोलतात हो माणसं… एकदा बोलायला लागली की नशेपाशी थांबत नाहीत. कुणाला घरची शेळी व्यायला आल्याची काळजी, कुणाला बायको रुसून गेल्याची, आणि मी आपली ऐकतेय, कारण मध्येच तोडायचं नाही असा नियम आहे. एक तर, विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याच्या संशयावरून आणलेला, माझ्या हातांकडं बघून म्हणाला, "ताई, मेंदी हाय, नवं लगीन दिसतंय. करमतं का?" आता नियमानं आपल्याबद्दल बोलायचं नाही. मी म्हटलं, पुढचा प्रश्न. आणि घरी परतताना आमचं घोडेगाव येईपर्यंत बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. लग्न झाल्यापासून मला हे विचारणारा पहिला माणूस, आणि तो कोठडीत.

घरी कोण आहे? नवरा, ऋषी, चाकणला कंपनीत, सुट्टीला येतो तो झोपायला. सासरे, हौशीराममामा, टीव्हीतल्या माणसांशी भांडतात. आत्या, म्हणजे सासूबाई, गाईशी बोलतात. पाठीवर हात फिरवून, "भागलीस का गं बायो?" मी शेजारीच वैरण धरून उभी. मला कोण विचारतंय?

आणि मग परवा. बायडाकाकूंचा भाचा, स्वराज, भीमाशंकरला गाड्या लावण्यावरून कुणाशी तरी हातघाईवर आला, ठाण्यात नेला, दुसऱ्या दिवशी सुटला. नेमकी त्याची सुपारी फोडायची ठरलेली, आणि मुलीकडच्यांच्या कानावर कुणीतरी घातलं की पोरगा नशा करतो. मला या सोयरिकीचं काही ठाऊक नाही, मी आपली संध्याकाळी दारात चप्पल काढतेय, तर आत्या म्हणतात, "भागली आसंल पोरगी, बस." मी मागं वळून बघितलं, गाय सुटून आली की काय. तर मलाच. मला खुर्ची. मला कपबशीतून चहा. मामांनी टीव्ही बंद केला… टीव्ही! आणि काकूंसकट सगळे माझ्यासमोर ओळीनं बसले. खोटं कशाला सांगू, मी हरखले. वाटलं, आज विचारणार.

विचारलं. आत्यांनीच. "स्वराज काय म्हनला गं तुला? घेतो का काय?"

तो माझ्याशी बोलला की नाही, हेसुद्धा सांगायचं नसतं. मी तेवढंच म्हटलं. काकू म्हणाल्या, अगं, घेत नाही एवढं म्हण, तू ठाण्यात जाणारी, लोक तुझं ऐकतील. आत्या म्हणाल्या, घरातल्या घरात आहे, बाहेर जायचं नाही, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तुम्हाला सांगते, तो हात गरम होता हो… एक शब्द टाकायचा अवकाश, की मी या घरातली झाले असते. पण एकाला 'घेत नाही' म्हटलं, की पुढच्याच्या वेळी गप्प बसले तर ते 'घेतो' होतं. हे त्यांना कसं समजावू? मी कपबशी खाली ठेवली. चेहरा.

मग मामा म्हणाले, "घरच्यांच्या उपेगी पडायचं नसंल, तर जायाचं कशाला तितं? सोड ते काम."

पाठीवरचा हात निघाला. बाहेर गाय रवंथ करत होती. आणि मी बोलले. ओरडून नाही, कोठडीबाहेर बोलते तशीच, सगळ्यांना एकेक शब्द कळेल अशी.

"मामा, त्याचं सांगितलं, तर तिथली माणसं माझ्याशी बोलायची थांबतील. आणि माझ्याशी बोलणारी तेवढीच आहेत."