मोकळी केलेली जागा

—नाही मावशी, पाया नका पडू, त्यानं काही होत नाही — उठा, खुर्चीवर बसा, पाणी घ्या. अकोल्याहून उभ्यानंच आल्या असान, एसटीत कोण देते जागा. मले मालूम आहे तुमी काहून आल्या. श्यामसाठी. केस वापस घे म्हणता. पण पयले देवमनचं सांगा — जखम भरली का? कोपरापासून काढला ना हात... हो, मी पाह्यला फोटो. रडा, रडलं तर काही नाही, मी फक्त खिडकी लावून घेते — खाली आमचं ऑफिस आहे, आवाज जाते.

तुमाले वाटते माह्या प्रोग्रामनं तुमच्या पोराचा हात खाल्ला. त्याच्या भावाले, श्यामलेबी, तेच वाटलं, वाटनच, त्याले सांगितलंच तसं. पण माह्यं एकडाव ऐकून घ्या, आतापर्यंत कोणीच ऐकलं नाही — त्या दिवशी ऑफिसात आलेले पोलीस म्हणे मॅडम, ते कॉम्प्युटरचं राहू द्या, मारलं कोणं तेवढं सांगा. तर पाहा, जिनिंगमधी रुई दाबून गाठ करते ते प्रेस, त्याच्या बाजूले एक लोखंडी डबा आहे, त्याच्यात उलिसा कॉम्प्युटर. ते डबे आमी बनवतो. त्यात सी भाषेतला प्रोग्राम चालते आन् त्याच्या खाली एक लायब्ररी रायते — पुस्तकाची नाही, सगळ्या प्रोग्रामले लागणारी बारकी-बारकी कामं करून देणारा कोड. मोठी लायब्ररी त्या डब्यात मावे ना, म्हणून मी घरची लिहिली. लायब्ररी माहीच, ते मी कुठं नाही म्हणते? तिच्यात एक भाग आहे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात — नाव, आन् नावासमोर किंमत, बस. 'दार' हे नाव, समोर 'उघडं' नाही तर 'बंद'. 'गाठ' हे नाव, समोर गाठीचा नंबर. प्रोग्रामच्या कोण्या भागानं इचारलं का दार कसं आहे, तर लायब्ररी त्याले नक्कल काढून देत नाही, बोट दाखवते — तिकडं त्या जागेवर लिहेल आहे, तूच पाय. आन् तो भाग मग तीच जागा धरून बसते, पायजे तेव्हा तिकडं पायते. कळून राहिलं ना? नाही कळलं तर सांगा, मी पुन्हा सांगते, मले घाई नाही.

आता दारावर लक्ष ठेवणारा भाग घडीघडी लिहून राहिला — दार उघडं, दार उघडं, दार उघडं — बदललं नाही तरी. दर वेळी नवीन जागा घेतली, तिथं लिहिलं. मग जुन्या जागेचं काय करावं? तशीच ठेवली तर मेमरी भरत जाते आन् आठ-दहा दिवसांत डबा अडकते. मोकळी केली तर — कोणी अजून तिकडंच पाहून राहिलं असन तर? लायब्ररीले कसं कळन कोण पाहून राहिलं? नाही कळत. मोठमोठ्या लायब्रऱ्या लिहिणारेबी तिथं हात टेकतात, म्हणतात वाया गेली जागा तर जाऊ द्या, मोकळी नका करू. मीबी तेच केलं, समजून-उमजून केलं. आन् मालकाले सांगितलं, का दाराची गोठ अशा जागी ठेवूच नका, तिच्यासाठी पक्की जागा बांधून देते, तिथल्या तिथं बदलत राहीन, ना जागा वाया जाईन ना कोणाच्या डोळ्यासमोरून हलन. पण सीझन सुरू झाला होता. जिनिंगवाले फोनवर आईबहिणीवरून शिव्या देऊन राहिले होते का डबा दर आठवड्याले बंद पडते, बाहेर कापसाच्या गाड्याइची लाईन लागते. मालक म्हणे तुह्यं राहू दे, एक ओळ टाक आन् जुनी जागा मोकळी कर. मी नाही म्हटलं. त्यानं कीबोर्ड उचलला न् भितीवर हाणला, चाव्या दातावाणी जमिनीवर सांडल्या. मग स्वप्निल म्हणून पोरगा होता कामाले, त्याच्या मानगुटीले धरून बसवलं, ती ओळ त्याच्याकडून टाकून घेतली. टेबलावर डबा चालवून पाह्यला तर झकास चालला. चालनच ना — जागा मोकळी केली तरी जुनी अक्षरं लगेच पुसल्या जात नाहीत, दुसरं काही येऊन बसेपर्यंत तिथंच रायतात. मी ओरडून सांगत होती हे. आधी त्या प्रेसच्या दाराले एक जाडी तार होती, दार उघडलं का मोटरची लाईनच तुटे — तेबी काढाले लावली त्यानं, आता सारं डबाच पाहून घेते म्हणे.

देवमन त्या दिवशी आत अडकलेली रुई काढाले वाकला होता. दार उघडं होतं, त्याची काही चूक नाही मावशी, हे मनात पक्कं धरा, त्यानं सारं बरोबर केलं. रुई दाबणारा लोखंडी दट्ट्या चालवणाऱ्या भागानं इचारलं, दार कसं आहे. लायब्ररीनं जागा दाखवली — 'उघडं'. तो थांबला. थांबूनच होता, डोळा त्या जागेवर ठेवून. तेवढ्यात दाराच्या भागानं पुन्हा 'उघडं' लिहिलं, नव्या जागी, आन् ही जुनी जागा झाली मोकळी. लगेच प्रोग्रामच्या तिसऱ्या एका भागानं पुढच्या गाठीचा नंबर टाकला, तो येऊन बसला बरोबर त्याच जागेवर. दट्ट्याच्या भागानं पाह्यलं — 'उघडं' दिसत नाही. उघडं नाही म्हणजे बंद. बस. दट्ट्या सुटला. मी मागून सारी नोंद वाचली डब्यातली — ते सारं बरोबरच चालू होतं, मशीन अडकली नाही, गरम झाली नाही, माणसाचं हाड मधात आलं तर तिनं जोर वाढवला. तसं मीच लिहून ठेवेल आहे, रुई कडक लागली तर जोर वाढवायचा.

श्याम आला ते मले समजते. त्याच्या जागी मी असती तर मीबी आली असती. चार-पाच जण होते, गाठीले बांधतात त्या लोखंडी पट्ट्या घेऊन, जिन्यावर वाजवतच वर आले. पयले काचा फोडल्या. स्वप्निल टेबलाखाली घुसला, त्याले पाय धरून ओढला, तोंडावर लाथ बसली तर त्याचा एक दात माह्या चपलीजवळ येऊन पडला. श्याम ओरडून राहिला होता — कोणं लिहिलं ते, कोणं लिहिलं. मी बोलणार होती, खरंच सांगते, मी तोंड उघडलं होतं का बाबू थांब, मी सांगते कसं झालं. तर केबिनचं दार उघडून दादा बाहेर आला, एकही खरचटा नाही अंगावर, शर्ट इन केलेला, न् त्यानं असं बोट केलं माह्याकडं. हिनं लिहिलं. एवढंच म्हणाला, आन् आत जाऊन कडी लावली.

...काय म्हणता? हो, दादाच म्हटलं मी. मालकच तो. कुलदीप. सख्खा भाऊ आहे माहा. तुमाले कोणी सांगितलं नाही? मले वाटलं, मालूम असन.

तर श्यामनं मारलं. कपाळावर पट्टी बसली, हे टाके त्याचे. पाठीवर दोन-तीन, अजून काळं आहे. मी खाली पडली, तर त्यानं पुन्हा पट्टी उचलली — आन् मग थांबला. माह्याकडं पाहून राहिला नुसता. पट्टी फेकली न् तिथंच फरशीवर बसला, लेकरावाणी हुंदके देऊन. पोलीस येईलोक तसाच बसून होता, पळाला नाही. बाकीचे पळाले.

हाताकडं नका पाहू सारखं. हाताचं राहू द्या.

...नाही. श्यामनं नाही मोडला. कागदात असन, कागदात तर मनगट मोडलं न् उजव्या कानाचा पडदा फाटला असं सारं लिहेल आहे, त्याच्यावरच तर जमानत मिळून नाही राहिली त्याले. दवाखान्यात नेण्याआधी दादानं मले वर, घरात आणलं. इथंच, ह्याच खोलीत. मी म्हटलं मी पोलिसाले सांगते, तू ती ओळ टाकायला लावली, तू तार काढली, तू बोट दाखवलं. त्यानं कानावर दिली. मी तरी बोलून राहिली. मग हा हात दाराच्या फटीत धरला न् दार ओढलं — एकडाव नाही, कडकन् आवाज येईपर्यंत. बाबा स्वयंपाकघरात उभे होते. म्हणे, घरातली गोठ घरात राहू द्या. आन् दवाखान्यात माह्या उशाशी उभं राहून त्यानंच जबाब सांगितला, मी गुंगीत — त्या पोट्ट्यानं मोडला साहेब, त्या वस्तीतलेच आहेत ते, त्याइले काय भेव. साहेबानं लिहून घेतलं. दुसऱ्यांदा इचारलंबी नाही.

रोज दुपारी तो जेवाले वर येते, मी डाव्या हातानं ताट वाढते. तो म्हणते, आकांक्षा, भाजीत मीठ कमी आहे. मी मीठ देते. आन् मनात काय येते सांगू? त्याले त्या प्रेसमधी उभा करते. दट्ट्या मी मोटरवर नाही सोडत, हातानं सोडते, हळूहळू, त्याच्या डोळ्यात पाहत, न् तो भावाबहिणीचं नातं सांगत असते तरी सोडते. सुख वाटते मले, मावशी. जेवण जाते त्यानं. हे मी कोणालेच सांगितलं नव्हतं — तुमाले काहून सांगून राहिली मी...

थांबा. ऐका. जिन्यावर पाय वाजले ना? उजव्या कानानं नीट ऐकू येत नाही मले... तोच आहे. जेवाले आला.

उठा मावशी. तिकडून नका, हे मांगचं दार, जिना सरळ गल्लीत उतरते. तुमी आणलेला जेवणाचा डब्बा राहू द्या, नंतर न्या. गल्लीतून बाहेर पडल्या का डाव्या हाताले ठाणं आहे, तिथं बाकड्यावर जाऊन बसा. कोणी इचारलं काय काम आहे तर सांगा, एक बाई येऊन राहिली, तिले जबाब बदलवायचा आहे. मी त्याले सांगूनच निघते, चोरून नाही निघत. काय करन, दुसरा हात मोडन? मोडू दे. जा तुमी. मांगं वळून पाहू नका, काही ऐकू आलं तरी.

थोडा वेळ वाट पाहा. मी नाही आली, तर ठाण्यातल्या पोलिसाइले इकडं घेऊन या.

जा.