बिडाचं निळं पातेलं

माझं नाव कौसाबाई. माहेर अंबडच्या अलीकडचं, शेतकऱ्याचं घर, आन् लगीन झालं ते जालन्यात ओतकाम करणाऱ्या माणसाशी, म्हंजे भट्टीत बीड वितळवायचं न् साच्यात ओतायचं, आमचे मालक जिंदगीभर त्याच कामात राबले. म्हणून आमच्या घरात सगळं बिडाचं, तवा बिडाचा, कढई बिडाची, आन् माझ्या हातचं कालवण गल्लीतल्या बायका वाटी घेऊन मागायला यायच्या. सैपाकात मी कुणाचं ऐकून घेत न्हाई, आधीच सांगून ठेवते तुम्हाला.

मागच्या साली मालकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं असं की मलाबी अर्धंच कळायचं, आन् जेवण तर बिलकुल सुटलं, दोन घास झाले की मान फिरवायचे. डॉक्टर म्हणले, मावशी, पोटात असंच काही गेलं न्हाई तर नाकातून नळी घालावी लागंल. मालकांनी डाव्या हातानं माझा पदर धरला, नळी नको म्हणले, तेवढं मला बराबर कळलं. काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापास्नं माझ्या डोक्यात एकच, ह्या माणसाच्या पोटात अन्न गेलं पाह्यजे.

त्यांना आवडतं चुक्याचं गरगट्टं. चुक्याची आंबट भाजी तुरीच्या डाळीत शिजवायची, घोटायची, वरून लसणाची फोडणी, असं मऊ की गिळायला काही तरास न्हाई. पण बिडाच्या कढईत आंबट शिजवलं की काळं पडतं न् लोखंडाची चव उतरते, पह्यले चालायचं त्यांना, आता जिभेला लागलं की थुंकून द्यायचे. जर्मनच्या, म्हंजे अल्युमिनच्या पातेल्यात केलं, तेबी न्हाई. कुकरमधी केलं, ते तर नुसतं पाणचट. मंग आमची सून सुवर्णा म्हणली, आई, आतून-बाहेरून काचेचा थर दिलेलं बिडाचं भांडं मिळतं, त्याच्यात आंबट चालतं. मी म्हणलं, ती तामचिनी असंल, आमच्या आईकडं व्हती, टवके उडतात तिचे. ती म्हणली, ती पत्र्याची व्हती आई, हे बिडाचं हाये, चला तर खरं.

जुन्या जालन्यातल्या भांड्याच्या दुकानात गेलो. दुकानदार हलकं भांडं पुढं करून राह्यला, उचलायला सोपं म्हणे. मी म्हणलं, मला शिजवायचंय, उचलून मिरवायचं न्हाई. जाड बुडाचंच घेतलं. आतून बोट फिरवून बघितलं, कुठं खड्डा न्हाई, टवका न्हाई. एकाचं झाकण डगडग हलत व्हतं ते परत ठेवलं, दुसऱ्याचं गच्च बसलं. आतून दुधासारखं पांढरं, बाहेरून निळं, दोन्ही कान असे मोठे की फडक्यानं धरता यावं. सुवर्णानंबी तेच पसंत केलं, तव्हा म्हणलं पोरीला नजर हाये.

आता आमच्यात बिडाचं नवं भांडं आलं की आधी कोरंच तापवायचं, धूर निघंस्तोर, मंग त्याला तेल-कांदा चोळायचा, ही रीतच हाये. सुवर्णा चुका आणायला गेल्ती. मी पातेलं ठेवलं गॅसवर, मोठ्ठ्या आचेवर, कोरं. चांगलं तापलं तसं पाण्याचा तांब्या उचलला, एक शिपका मारून बघावं म्हणलं, जसं तव्याला मारते तसं. तर दाराशी खाटेवर पडलेल्या मालकांचा आवाज आला, पाणी नको, तडकंल, बंद कर.

मी तांब्या खाली ठेवला. इतक्या महिन्यात असं साफ बोलले न्हवते. मंग पुन्हा अडखळत अडखळत सांगाय लागले, बीड येगळं फुगतं, काच येगळी फुगते, निवू दे आपलं आपण. मी गॅस बंद केला न् बाजूला बसले. हात लावायचीबी हिंमत झाली न्हाई.

पातेलं वाचलं. निवल्यावर तेल घातलं, बारीक आच ठेवली, झाकण लावलं. गरगट्टं असं पिवळंधमक झालं, काळ्याचा ठिपका न्हाई. भाकर कुस्करून भरवलं. मालकांनी घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मंग मान फिरवतील म्हणून मी थांबले, तर त्यांनी तोंड उघडं ठेवलं. मी सुनंच्या देखत रडले, काही लाज वाटली न्हाई.

आता ते भांडं मी कुणाला घासू देत न्हाई. राख न्हाई, तारेची घासणी न्हाई, कोमट पाण्यात भिजवायचं, पळी लाकडाची. लई गुणाचं भांडं हाये. मालक जेवतात हळूहळू, तास लागतो, पण पातेल्यातलं शेवटपोत्तर गरम ऱ्हातं. डॉक्टर आता नळीचं नाव काढत न्हाईत.

आन् काल काय झालं, पह्यलाच घास घेतला न् म्हणले, कौसे, मीठ कमी पडलं. जल्मात कुणी माझ्या कालवणाला असं म्हणलं असतं तर ताट उचलून नेलं असतं म्या. काल मी गपचिप उठले न् मीठ आणलं. रोज नावं ठेवावीत त्यांनी माझ्या सैपाकाला, मरंस्तोर ठेवावीत.