मागे काय ठेवलं

भागीरथी : म्हणजे बत्तीस वर्षं संसार केला आणि ह्या माणसानं एका शब्दानं सांगितलं नाही! जाताना तरी सांगायचं. आता वर्ष झालं, हार घालून भिंतीवर बसलाय, आणि कोर्टाचा कागद माझ्या हातात. बघ, फोटोत हसतोय कसा.

विशाखा : मावशी, काका फोटो काढताना हसले होते. तुम्ही शांत व्हा. उद्या कोर्टात जबाब द्यायचाय, आज लिहून झाला पाहिजे.

भागीरथी : मी शांतच आहे. तूच उभी आहेस. समोरच्या घरात वाढलेली पोर, वकील झाली म्हणून आता माझ्याकडे बसायची नाही?

विशाखा : बसले, बसले. तर ऐका. काकांनी फायनान्सवाल्यांकडून ऐंशी हजार घेतले. हप्ते भरत होते, आजारी पडले तेव्हा थांबले. मग फायनान्सवाल्यांनी ते कर्ज एका वसुली कंपनीला विकलं.

भागीरथी : कर्ज विकतात? इथे सुरतेत साडीचा कटपीस विकतात, तेवढं मला ठाऊक होतं.

विशाखा : सगळं विकतात. आता कंपनी म्हणते, हिलालभाई वारले, तर बायकोनं व्याजासकट एक लाख नव्वद हजार भरावेत. त्यांचा माणूस घरी आला होता ना? सही नाही ना दिली कशावर?

भागीरथी : पाणी दिलं, सही नाही दिली. "माँजी, एक साइन कर दो, थोडा थोडा भर देना." मी म्हटलं, बाबा, माझी सही चार अक्षरांची. चार अक्षरं काढायला मला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मी तुला माझ्या ओट्यावर बसू देणार नाही.

विशाखा : वाचलात. सही केली असती तर "मी भरेन" असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

भागीरथी : पण एक सांगते. मी बुडवी नाही. गल्लीत कोणी म्हणायला नको, भागीरथीनं कर्ज बुडवलं.

विशाखा : बुडवायचा प्रश्नच नाही. माणूस गेला की त्याचं देणं त्यानं मागे ठेवलेल्या मिळकतीतून वसूल होतं. बायकोच्या स्वतःच्या मिळकतीतून नाही. कायदाच आहे तसा. ही खोली कोणाच्या नावावर?

भागीरथी : माझ्या. त्यावरूनच तर आमची भांडणं! मी रात्रंदिवस साड्यांचे धागे कापले, त्या पैशांतून ही घेतली. कागद करताना हे म्हणाले, धागे तुझे, नाव तुझं. मी म्हटलं, अहो, महापालिकेचं वेराबिल, घरपट्टीचं, माझ्या नावानं येईल, तो माणूस भर गल्लीत माझं नाव ओरडेल. वीस वर्षं ओरडतोय मेला.

विशाखा : ओरडू द्या. त्या नावामुळंच कंपनी ह्या खोलीला हात लावू शकत नाही.

(भागीरथी फोटोकडे वळून पदरानं डोळे पुसते.)

विशाखा : मावशी?

भागीरथी : काही नाही. डोळ्यात फुफाटा गेला. मला एक सांग, एवढे पैसे घेऊन ह्यांनी केलं काय? घरात एक वाटी आली नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. कधी घेतले, ते लिहिलंय का त्यात?

विशाखा : आहे ना. हे बघा, तुमच्या जयश्रीताईच्या लग्नाचं वर्ष. अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या पंधरा दिवस आधी.

भागीरथी : आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तर लग्न होतं.

विशाखा : हो. मी जेवले होते ना. खापरावरचे मांडे आणि आमरस.

भागीरथी : माय वं...

विशाखा : काय झालं?

भागीरथी : बोनस! मला म्हणाले, मालकानं बोनस दिला. पोरीचं लग्न म्हणून खूश होऊन दिला. तीस वर्षांत त्या मालकानं दिवाळीला अर्धा किलो सोनपापडी दिली, बाकी काही नाही. आणि मी विश्वास ठेवला! नुसता ठेवला नाही, आपल्या पूर्ण बमरोली वस्तीत सांगत फिरले. गल्लीतल्या सरलाबाईला तर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिचा चेहरा पुरता पडला नव्हता.

विशाखा : आमच्या आईलाही सांगितलं होतं.

भागीरथी : मीच हट्ट धरला गं. चारशे पानं उठली पाहिजेत, जावयाला घड्याळ पाहिजे, माझी पोर नंदुरबारला सासरी रिकाम्या हातानं जाणार नाही. ह्यांना नाही म्हणता येत नव्हतं?

विशाखा : तुम्हाला? नाही म्हणायचं? काकांनी?

भागीरथी : हसू नकोस. लिही पुढे.

विशाखा : बँकेत काय होतं?

भागीरथी : दोनशे बारा रुपये.

विशाखा : काकांच्या मिलमधून काही मिळालं?

भागीरथी : कच्च्या रजिस्टरवरचा माणूस. नाव पेन्सिलीनं लिहिलेलं, पुसलं असेल.

विशाखा : सायकल?

भागीरथी : आजारपणातच मिलमधल्या चिंधाभाऊला देऊन टाकली. मला न विचारता.

विशाखा : मग हे असं लिहिते. "मयतानं मागे काहीही ठेवलेलं नाही."

भागीरथी : खोड ते.

विशाखा : मावशी, केसच ह्या वाक्यावर उभी आहे.

भागीरथी : असू दे. जज वाचणार, कंपनीचा वकील वाचणार, काहीही ठेवलेलं नाही. माझा माणूस काय रिकाम्या हातानं आला आणि रिकामा गेला? पहाटे पाणी यायचं तेव्हा आपल्याआधी तुमचं पिंप कोण भरायचं?

विशाखा : काका. पण कोर्टात पिंप चालत नाही.

भागीरथी : तुझा बाप भिवा डबल पाळीला असायचा, तेव्हा तुला शाळेत कोण सोडायचं? त्याच सायकलवर? दांडीवर टॉवेल बांधून, पोरीला टोचू नये म्हणून?

विशाखा : ...काका.

भागीरथी : मग लिही. एक वकील मागे ठेवली.

विशाखा : मावशी, रडवू नका हो. अक्षर बिघडतं माझं.

भागीरथी : बिघडू दे. पण ते वाक्य खोड.

विशाखा : थांबा. हे ऐका. "मयताची जप्त करता येईल अशी कोणतीही मिळकत माझ्याकडे आलेली नाही."

भागीरथी : पुन्हा वाच.

विशाखा : जप्त करता येईल अशी.

भागीरथी : म्हणजे बाकीचं आहे. कंपनीला नेता येणार नाही, एवढंच.

विशाखा : एवढंच.

भागीरथी : आणि हे कोर्टाला चालतं?

विशाखा : पहिल्यापेक्षा बरं चालतं. शिवाय कर्ज विकल्याचा कागद आणि काकांनी भरलेल्या हप्त्यांचा हिशोब दाखवा, असंही मागितलंय. आता तुमची सही. इथे.

भागीरथी : पेन दे. आणि माझ्या हाताकडे बघू नकोस... भा... गी... कोणी बघितलं की र वाकडा येतो... थी. झालं?

विशाखा : पाऊण तास नाही लागला.

भागीरथी : तो वसुलीवाल्यासाठी होता. जा, आईला सांग, संध्याकाळी खिचडी पाठवते. आणि लग्नाच्या कर्जाचं जयश्रीला कळता कामा नये. कोणालाच नको.

विशाखा : नाही सांगत. उद्या साडेनवाला रिक्षा आणते.

(विशाखा जाते. भागीरथी फोटोखाली उभी राहते, हाराची गाठ सरळ करते.)

भागीरथी : ऐकलं ना सगळं? खोटारडे आहात तुम्ही. उद्या तुमच्या वतीनं मी कोर्टात उभी राहणार, आणि तिथे खरं तेच सांगणार. पण गल्लीत कोणी विचारलं, तर तुम्हाला बोनसच मिळाला होता.