राही माहेरी, इंडिया श्रीलंकेत

मुरबाडच्या स्टँडवर धसईची एसटी काही येईना. बाळाला मांडीवर थोपटत बसलेल्या नम्रताच्या शेजारी काशीमावशी होती, आणि तिथेच मावशीला तिची भाची राही भेटली. नम्रता दोघींचं बोलणं ऐकत राहिली.

“अगो राही! आसनगाववाल्यांनी ऐन आवणीत, भात लावायच्या दिवसांत सोडलं तुला?”

“सासऱ्यांनीच पाठवलं, मावशी. श्रीलंकेत मॅची चालू हायत ना. मी टीव्हीसमोर आली की विकेट पडते.”

“आन तू ऐकून घेतलंस?”

“मीच त्यांच्या डोक्यात घातलं! आधी पटलं नाय. मग दोनदा चहा घेऊन गेली, दोन्ही टायमाला आपला माणूस आऊट.”

“लबाड गो!”

“मग काय करू? आई एकटी वाकून वाकून किती आवणी करल?”

“नवरा सोडतो बरा?”

“तो बोलला, नको जाऊ. तर सासरे त्याच्यावरच खेकसले, ‘देशापेक्षा बायको मोठी झाली काय रे?’”

“आन तू इथं असताना इंडिया हरली तर? लगेच बोलावतील की.”

“बोलावू दे. मी सांगन, परत यायला पिशवी भरायला घेतली, नि तिकडं विकेटी पडायला लागल्या.”