एकदा जोडलं की सगळं आपोआप

...आणि वर परत 'आपोआप' म्हणायचं, हे मला झेपत नाही. आपोआप काय असतं हो? तुम्हाला सांगतो, आमच्या ग्राफ्टनच्या ऑफिसात तो शब्द शिरला आणि शेजारच्या टेबलावरची ब्रॉनविन फोनला जी चिकटली ती सुटेचना. आमची म्हणजे किनाऱ्यावरच्या कॅरव्हॅन पार्कांची संघटना. लोक गाडीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावून येतात, मासे धरतात, उन्हात भाजून घरी जातात. प्रत्येक पार्कची आपापली वेबसाइट, आणि लोक इंटरनेटवर काय शोधत शोधत त्या वेबसाइटवर येऊन पडतात त्याचे आकडे ब्रॉनविन दर सोमवारी एकेका पार्कचं पान उघडून उतरवून घ्यायची. वर्षानुवर्षं. चहा, आकडे, चहा, आकडे. तक्रार नाही. मग ब्रिस्बेनहून ड्रू आला, नवा मॅनेजर, आणि त्यानं टूल घेतलं. सगळ्या पार्कांचे आकडे एकदम ओढून एका जागी आणणारं.

"ब्रॉन, एकदा जोडलं ना, की सगळं आपोआप."

बरं, जोडायचं कसं हे ड्रूला विचारायची सोय नाही, कारण बोलता बोलता तो पुढच्या मीटिंगला पोचलेला असतो. तर जोडायचं म्हणजे प्रत्येक मालकानं आपल्या खात्यात शिरून परवानगी द्यायची. आणि मालक कोण? सत्तरी ओलांडलेली माणसं, हातात कायम पाण्याची नळी नाहीतर पाना. एक म्हणतो, "परवानगी? कसली? कौन्सिलनं पाठवलंय का तुला?" दुसरा म्हणतो, "थांब, चष्मा आणतो," आणि जातो तो जातोच, फोनवर नुसता कुत्रा भुंकतोय आणि ही ऐकत बसलीय. एका बाईनं परवानगी दिली, अगदी पहिल्या फटक्यात दिली, पण दिली आपल्या जावयाला. एकदा जोडलं की सगळं आपोआप.

एखादी चिडली असती की नाही? ब्रॉनविन चिडली नाही. प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच आवाजात, लिफ्टमधली बाई मजला सांगते ना, तसं. एकदा मी विचारलं, "कंटाळलीस का गं?" तर म्हणाली, "माहीत नाही. बघायला वेळ झाला नाही."

असं करत करत सगळे जोडले गेले, एक सोडून. इलुका गावचा, नदीच्या मुखावरचा. नाव भलंमोठं, 'रिव्हर माउथ फॅमिली हॉलिडे रिट्रीट'. मालक, मर्व्ह पास्को. ईमेलला उत्तर नाही, आठवणीच्या ईमेलला उत्तर नाही, टूल बापडं रोज सकाळी त्याला नव्यानं आठवण करतंय. ड्रूनं दारातूनच फर्मान काढलं, "शुक्रवारपर्यंत ज्याचे आकडे आले नाहीत, तो उन्हाळ्याच्या जाहिरातीतून बाद." आता आमच्याकडे उन्हाळा हुकला म्हणजे वर्ष हुकलं. म्हणून ब्रॉनविननं पार्कवर फोन लावला, टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर टाकला. उचलला मर्व्हच्या बायकोनं, नोएलीननं.

"मर्व्ह गेला गं. गेल्या वर्षी, हिवाळ्यात."

"अरे. मला कुणी सांगितलं नाही."

"मीच नाही सांगितलं. किती जणांना फोन करायचे? आणि प्रत्येक जण पुढे विचारणार, जेवतेस ना नीट."

ब्रॉनविननं ते विचारलं नाही. ती म्हणाली, "नोएलीन, वेबसाइटचा पासवर्ड?"

"सगळं त्यानंच केलेलं. त्याच्याच डोक्यात होतं."

"मग कोड मागवावा लागेल. तो मर्व्हच्या फोनवर जाणार, आणि तो फोन आता..."

"चालू आहे," नोएलीन म्हणाली. "रोज चार्ज करते. का ते विचारू नकोस."

हिनं तेही विचारलं नाही. बटण दाबलं. माझं बिस्किट हातातच राहिलं. आणि पलीकडे, लांब, बहुतेक स्वयंपाकघरात, टिंग.

"वाजला," नोएलीन म्हणाली. "तो गेल्यापासून पहिल्यांदा वाजला बघ."

तिनं एकेक आकडा वाचला, हिनं एकेक टाइप केला, खातं उघडलं. आत टूलची सूचना तयारच: हा मालक बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलेला नाही, काढून टाकायचा का? ब्रॉनविननं ते त्याच लिफ्टमधल्या आवाजात वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिलाच कळलं आपण काय वाचलं.

"काढायलाच पाहिजे का?" नोएलीननं विचारलं.

"नाही. मालक तोच राहू दे. तुझं नाव त्याच्या शेजारी घालते."

"शेजारी चालेल."

जोडलं. ब्रॉनविन पडद्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही हं, नुसती बघत होती, आणि पडद्यावर सगळ्या किनाऱ्याचे आकडे एकामागून एक येत होते, या पार्कचे, त्या पार्कचे, कुणी हात न लावता. खरंच आपोआप. मग इलुकाचे आले. 'रिव्हर माउथ फॅमिली हॉलिडे रिट्रीट' असं शोधणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळे, सगळे: मर्व्हचा पार्क. मर्व्ह इलुका. मर्व्हकडे कुत्रा चालतो का. मर्व्ह नाताळात उघडा आहे का. या हिवाळ्यातसुद्धा. गेल्या आठवड्यातसुद्धा. ब्रॉनविननं ते नोएलीनला वाचून दाखवलं, पण या वेळी हळू. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "कुत्रा चालतो. लिही तिथे."

शुक्रवारी ड्रू पडद्यापाशी थांबला. त्याला ठाऊक काय, तर मालक उत्तर देत नव्हता आणि आता आकडे आलेत, बस.

"जाहिरातीत घाल याला, पहिल्या पानावर. आणि हा मर्व्ह कोण? कसला चालतोय हा! ब्रॉन, सोमवारच्या बैठकीला बोलाव त्याला. बाकीच्यांना दोन शब्द सांगू दे."

ब्रॉनविन म्हणाली, "ड्रू, तो..." तोवर ड्रू पुढच्या मीटिंगला. आता मला सांगा, काय करायचं माणसानं? तिनं सरळ इलुकाला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा दिला.

नोएलीननं एक सुस्कारा सोडला. "हयातभर त्याच्या मागे लागले होते, बाबा रे, एकदा तरी त्या बैठकीला जा म्हणून," ती म्हणाली. "तेव्हा नाही गेला. आता कुठला जातोय."