केस तो केवढा!

…आणि वर मलाच म्हणत्यात, "दीपमाला, केसानं काय हुतंय गं!" काय हुतंय? आवं, काय हुत न्हाई ते इचारा! केसानं गळा कापत्यात म्हणून तुमी-आमी ल्हानपणापासनं ऐकलंय, पर केसानं पोरीची नोकरी कापायला घेतलेली म्या ह्या डोळ्यांनी बगितली. तुमाला सांगते, केस तो केवढा… चिमटीत धरायला गेलं तर गावत न्हाई, आणि त्येच्यापायी आमचं अख्खं घर टांगणीला लागलेलं! बसा, सांगते. उभ्या-उभ्या सांगायचं काम न्हाई हे.

तर राजनंदिनी. माझी पुतणी, थोरल्या दिराची एकुलती एक पोर. दीर म्हंजी उदयसिंह, फौजेतनं सुभेदार हून रिटायर झालेले, मलकापुरात घर, मागं ऊस, आणि बोलणं असं की "जेवायला बसा" म्हणले तरी वाटतंय परेडला उभं केलंय. ह्या पोरीनं बारावीत असताना एकदा सांगितलं, "पप्पा, मला पण वर्दी घालायचीय." माणूस उठला, उसात गेला, बऱ्याच वेळानं डोळं पुसत आला, म्हणला, "पाचट गेलं डोळ्यात." पाचट! आवं, नुकती लागण झालेली, एवढाएवढासा ऊस, त्येला येक वाळलेलं पान न्हाई, पाचट कुठलं!

तवापासनं पोरगी रोज पहाटं पळायची. थंडी न्हाई, पाऊस न्हाई, कुत्री मागं लागू देत न्हाईतर ट्रॅक्टर. आणि केलं की तिनं! पळण्यात पास, लेखी पास, ऱ्हायलं काय? मेडिकल. दात बगायचं, डोळं बगायचं, पाय सरळ हायत का बगायचं, झालं. आणि नेमक्या त्याच टायमाला आमच्या जाऊबाई सांगलीला गेल्या, त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. जाताना मला म्हणत्यात, "पोरीकडं बघ गं तेवढं." आता बघ म्हंजी काय बघ? जेवली का बघीन, झोपली का बघीन… पोरीच्या पोटऱ्या बघत बसू व्हय म्या?

तर तिची मैत्रीण सोनिया. शिरवळला कंपनीत कामाला. तिचा आला फोन. "राजी, मेडिकलला शॉर्ट घालून उभं करतात म्हणे! आणि तू असले पाय घेऊन जाणार? ईऽऽ, अस्वल दिसशील अस्वल!" अस्वल! आवं, त्याच पायांनी ती गटात पहिली आली, तवा कुणाला अस्वल दिसलं न्हवतं! पर पोरीच्या मनात बसलं ते बसलं. आरशाम्होरं उभं ऱ्हायची, सलवार वर करायची, बघायची, खाली सोडायची. सोनियानं मोबाईलवर व्हिडिओ धाडला… साखर, लिंबू, पाणी, पाच मिनिटात घरच्या घरी मेण! कुणाच्या पातेल्यात? माझ्या चहाच्या! अजून त्या पातेल्यात चमचा उभा ऱ्हातोय, एवढं चिकट झालंय.

आणि मेण तरी नीट व्हावं? लावलं गरम, ओढली पट्टी, निम्मं केस मुळातनं निघालं, निम्मं मधीच तुटलं. म्हंजी धड अस्वल न्हाई, धड माणूस न्हाई! मग पोरगी काय करती… गेली, बापाचा दाढीचा रेझर उचलला, आणि कोरडा, तुमाला सांगते, पाणी न्हाई, साबण न्हाई, कोरडाच, घोट्यापासनं गुडघ्याकडं उलटा सर्र-सर्र फिरवला! येकदा न्हाई, तिथल्या तिथंच चार-चारदा, दाबून. पाय झाला गुळगुळीत. पोरगी खूश. त्यावर घट्ट, कातडीला चिकटून बसणारी ती लेगिंग का काय ती घातली, आणि गेली पळायला. घामानं भिजली, तीच घालून दिवसभर हिंडली. सकाळी भावजी दाढीला बसलं आणि "अर्र!" म्हणून वरडलं, हनुवटी कापलेली. "ह्या ब्लेडला काय झालं!" म्या म्हणलं, हलकं निघालं असंल. मला काय म्हाईत!

मग दोन-चार दिवसांनी सुरू झालं. आधी खाज. मग लाल-लाल दाणं, मोहरी पेरल्यागत, गुडघ्याखाली सगळीकडं. आणि उजव्या पोटरीवर येक दाणा असा, की त्येच्यात केस दिसतोय! बाहीर न्हाई, आत! कातडीखाली गुंडाळी करून बसलेला. वर यायचं सोडून आतल्या आत फिरलेला. केस तो केवढा, आणि त्येचा डाव बगा! दुपारी सगळी निजानीज झाल्यावर पोरगी बाथरूममधी कडी लावून बसली, माझ्याच साडीची पिन घिऊन, आणि त्यो केस उकरायला लागली. उकरतीया, दाबतीया, नखानं ओढतीया… केस हाय तितंच, रक्त मातूर आलं.

दुसऱ्या दिवशी पोटरी टरारली. लाल, गरम, मधी सुपारीएवढा कठीण गड्डा. पाय टेकवंना. आणि मेडिकल आलेलं तोंडावर! तरी गुमान पहाटं उठून पळायला गेली, का, तर बापाला कळू नये. भावजी फाटकात उभं. "लंगडतीयास का?" "मुंगळा चावला पप्पा." "मुंगळा?" "व्हय." माणसानं नुसतं बगितलं. फौजेतला माणूस वो, मुंगळा आणि थाप ह्येच्यातला फरक कळत न्हाई व्हय त्येला?

संध्याकाळी तिनं मला पाय दाखवला. तेवढ्यात शेजारच्या शालूबाई आल्या, ह्या बाईला भिंतीपलीकडनं वास येतोय दुखण्याचा. बगितलं न बगितलं, "केसतोड! केसतोडच हाय ह्यो! माझ्या भावाला झालता, मांडी फोडायला लागलती. कणकेचं पोटीस बांधा, कडकडीत!" बांधलं. पोरगी अशी उडाली की पोटीस भिंतीवर! तिकडनं सोनियाचा फोन, "टूथपेस्ट लाव, टूथपेस्ट!" लावली. आता पाय असा, की खालनं केसतोड, मधी कणीक, वर पुदिना! मला हसू यावं का रडू, मलाच कळंना. आणि पोरगी तशीच बसून, ओठ दाताखाली धरून, एवढंच म्हणली, "काकी, पाय बघून मला बाहेर काढतील का गं?"

म्या तिच्या पायावरचं ते सगळं पुसून काढलं.

सकाळी बगतीया तर लाली घोट्याकडं सरकायला लागलेली आणि अंगात कणकण. आता मातूर माझा धीर सुटला. भावजींना म्हणलं, "आमी जरा मंडईत जाऊन येतो," आणि पोरीला रिक्षात घातली, थेट कराडला, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं. बाई तरणी, पर नजर अशी! पाय बगितला, विचारलं, "काय काय लावलंत?" आमी सांगत गेलो, ती डोळं मिटत गेली. साडीची पिन म्हणल्यावर तर डोक्यालाच हात लावला.

"हे बघा," बाई म्हणल्या, "केस मधेच तुटला की त्याचं टोक तिरकं, धारदार होतं. उगवताना ते बाहेर यायच्या ऐवजी कातडीत घुसतं. बहुतेक वेळा हात लावला नाही तर आपोआप बरं होतं. तुम्ही उकरलंत, म्हणून जंतू आत गेले. आता गोळ्या, हे मलम, आणि गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा शेक. सोसवेल इतकाच गरम हं, पोटीस नाही! सैल सलवार घालायची. दाबायचं नाही, फोडायचं नाही, आणि हे बरं होईपर्यंत वस्तरा, मेण, काही नाही. लाली अजून पसरली किंवा ताप चढला तर ताबडतोब यायचं, उद्यावर ढकलायचं नाही."

राजनंदिनीनं हळूच इचारलं, "आणि म्होरल्या वेळी मॅडम?"

"पुढच्या वेळी कोमट पाण्यानं पाय आधी मऊ करा, फेस लावा, ब्लेड नवं आणि स्वतःचं. केस ज्या बाजूला वाढतात त्याच बाजूला फिरवायचं, हलक्या हातानं, पुन्हापुन्हा नाही. मग गार पाणी, साधं क्रीम. मधूनमधून ओल्या मऊ फडक्यानं हळूच चोळायचं, म्हणजे मेलेली कातडी निघते आणि केसाला वाट मिळते. आणि," बाई हसल्या, "काढलेच नाहीत तरी आकाश कोसळत नाही."

पोरगी काय हसली न्हाई. "मॅडम, मेडिकलपर्यंत बरं हुईल का?" बाई म्हणल्या, "होईल असं वाटतंय. पण शब्द देत नाही." आता डॉक्टरनं शब्द दिला न्हाई की आपल्या जिवाचं काय हुतंय? येताना मंडईतनं आल्यागत दिसावं म्हणून म्या येक मेथीची जुडी घेतली, तीबी पिवळी पडलेली.

घरी आलो तर भावजी पायरीवर बसलेलं. मेथीकडं बगितलं, पोरीच्या पायाकडं बगितलं. "मंडईत मेथी लंगडत घेत्यात व्हय?" झालं! पोरगी तितंच खाली बसली आणि घळाघळा रडायला लागली, सगळं सांगून टाकलं… सोनिया, अस्वल, मेण, पिन आणि रेझर. रेझर म्हणल्यावर भावजींचा हात आपोआप हनुवटीवर गेला. म्या मनात देव पाण्यात घातलं. आता परेड! आता मैदानाला चक्कर!

पर माणूस पोरीच्या शेजारी सरकला. म्हणला, "मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमाला काय सांगू पप्पा, पायाचं केस काढलं म्हणून?"

"का? आमी केस काढत न्हाई व्हय? जन्म गेला दाढी करण्यात! नवीन भरती झालो तवा गळ्यावर असंच पुरळ यायचं, वर कॉलर घासायची, आग-आग हुयाची. युनिटमधी निम्म्या पोरांचं गळं सोललेलं. लाजत हुतं काय कुणी?" आणि उठलं, सैपाकघरात गेलं, स्वतः पाणी तापवलं. कोपरानं पाणी बगितलं, ल्हान पोराच्या अंघोळीचं बगत्यात तसं. फडकं पिळलं आणि लेकीच्या पोटरीवर धरून बसलं. "दुखतंय?" "न्हाई." "खरं सांग." "लय दुखतंय पप्पा." "मग तसं म्हण की!" तुमाला सांगते, ह्या माणसाच्या हातात म्या बंदूक बगितलीया, खुरपं बगितलंय, पर फडकं पयल्यांदाच बगितलं. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच. पळणं बंद, सैल पायजमा, गोळ्या टायमावर. शालूबाई पोटीस घिऊन आल्या तर फाटकातनंच, "अंदर आना मना है!"

लाली थांबली. मग उतरली. येक दिवशी केस आपला आपणच वर आला, कडी करून, निर्लज्जागत! केस तो केवढा, आमची झोप खाऊन वर आला! पर डाग ऱ्हायला, जांभळा, आणि हाताला जरा गाठ लागायचीच. आणि मेडिकलचा दिस उजाडला.

आमी दोघं बाहीर झाडाखाली. भावजी बसंनात, नुसतं येरझाऱ्या. म्या भाकरी सोडली, कुणाच्या घशाखाली उतरंना. आत काय चाललं ते पोरीनं मागनं सांगितलं. पोरींची रांग, सगळ्या शॉर्टमधी. आणि हिनं खाली बगितलं तर काय! येकीच्या नडगीवर कापलेलं, दुसरीची कातडी क्रीमनं भाजलेली, तिसरीच्या गुडघ्याला पट्टी, चौथीचं पाय हिच्यागतच मोहरी-मोहरी! सगळ्यांना येकेक सोनिया भेटलेली! डॉक्टर मॅडम लष्करातल्या, रांगंवरनं नजर फिरवली आणि कपाळाला आठी. हिच्याम्होरं थांबल्या. वाकल्या. डागावर बोट दाबलं. "दर्द?" "नो मॅडम!" "चलके दिखाओ." चालली. "बैठो. उठो. साईड में खडी रहो."

साईडला! बाकीच्या पोरी म्होरं गेल्या, ही येकटी भिंतीला. हिच्या डोळ्यापुढं सगळं फिरायला लागलं, पहाटंची थंडी, पळणं, फडकं धरून बसलेला बाप… मॅडमनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी वाकून बगितलं, इंग्रजीत काय बोललं. हिनं श्वास धरला तो धरलाच.

मग मॅडम म्हणल्या, "इन्फेक्शन था, अब सूख गया है. फिट." आणि जाता-जाता रांगंकडं वळून मराठीत म्हणल्या, मराठी निघाल्या वो त्या, "पायावर केस आहेत म्हणून कुणाला नापास करत नाही गं आम्ही! कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

कुणी सांगितलं! आता काय सोनियाचं नाव सांगू, पत्ता देऊ?

पोरगी बाहीर आली आणि नुसता अंगठा वर केला. भावजी झाडाकडं तोंड करून उभं ऱ्हायलं, लय येळ. म्या काय इचारलं न्हाई. इचारलं असतं तर म्हणलं असतं, पाचट गेलं डोळ्यात.

आता पोरगी ट्रेनिंगला. परवा तिचा फोन आला, आवाज रडवेला. म्या म्हणलं, आता काय परत पायाला? "पाय बरं हायत गं काकी. पर हितं डोक्याचं केस कापलं माझं… पार कानापतोर! आरशात ओळखू येत न्हाई मी!" म्या म्हणलं, "रडू नगंस पोरी, वाढत्यात ते. केसांचं येवढं येकच बरं हाय बघ… नगं तितं वाढत्यात, आणि पायजे तितंबी वाढत्यातच. आपल्याला इचारून कवाच न्हाई."